बिनडोक प्राण्याच्या बाजूने

मित्रहो, यंदाच्या स्नेहसंमेलनातील प्रदर्शनाकडे ज्यांची पावले वळली असतील, त्यांना कोपऱ्यातल्या वर्गातला तो प्राणी आठवत असेलच. चार टेबले जोडून त्यांवर उभा केलेला, प्लॅस्टिकच्या ठोकळ्यांचा, पुढे उंच आणि मागे उतरता असा डायनासोरचा सांगाडा. त्याच्याविषयी पुष्कळ बोलले गेले. कोणी म्हणाले, 'हा तर बालवाडीतला खेळ.' कोणी म्हणाले, 'बी. ए.च्या पोरांचा आणि डायनासोरचा संबंध काय?' आमच्यापैकी एकाच्या वडिलांनी तर सरळच विचारले, 'याचे मार्क किती?'

या तीन आक्षेपांना उत्तरे द्यावीत म्हणून मी हा लेख लिहायला घेतला. परंतु लिहिता लिहिता ध्यानात आले की, या सांगाड्यावर एक चौथा आक्षेप घेता येण्यासारखा होता, तो कोणीच घेतला नाही, आणि खरा आक्षेप तोच होता. तो आता मीच घेणार आहे. कारण त्यातला आरोपीही मीच आहे.

प्रथम प्राण्याची ओळख करून देतो. त्याचे नाव आयसिसॉरस. तो अमेरिकेतला नव्हे की आफ्रिकेतला नव्हे, आपल्या चंद्रपूर जिल्ह्यातला. वरोऱ्याजवळच्या डोंगरगाव परिसरात ऐंशीच्या दशकात कोलकात्याच्या इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटच्या शास्त्रज्ञांनी त्याची हाडे खणून काढली. सोहनलाल जैन आणि शाश्वती बंदोपाध्याय यांनी १९९७ साली त्याचे वर्णन प्रसिद्ध केले. तेव्हा त्याला टायटॅनोसॉरस म्हटले होते. २००३ साली तो वेगळाच प्राणी ठरला आणि संस्थेच्या आद्याक्षरांवरून त्याचे नाव आयसिसॉरस असे झाले. सुमारे साडेसहा ते सात कोटी वर्षांपूर्वी, दख्खनच्या लाव्हाचे थर साचण्याच्या काळात, हा पाला खाणारा अवाढव्य प्राणी इथे वावरत होता. त्याच्या पुढच्या पायातले दंडाचे एकच हाड १४८ सेंटिमीटर भरते, म्हणजे आमच्या गटातल्या सर्वांत ठेंगण्या मित्राच्या हनुवटीपर्यंत.

ही माहिती मला पदवीच्या तिसऱ्या वर्षाला येईपर्यंत नव्हती. टिरॅनोसॉरसची उंची विचारली असती तर सांगितली असती, सिनेमाची कृपा! पण स्वतःच्या जिल्ह्यातल्या जमिनीतून निघालेल्या प्राण्याचे नाव मला अमेरिकेत राहणाऱ्या मावसभावाकडून कळावे, याची लाज वाटली. त्याने दिवाळीत येताना स्वतःच्या मुलासाठी लेगो कंपनीचा टिरॅनोसॉरसच्या सांगाड्याचा संच आणला होता. २०२५ साली निघालेल्या या संचात ३१४५ तुकडे असतात आणि जोडून झाल्यावर मूळ प्राण्याच्या बाराव्या हिश्श्याचा, मीटरभराहून थोडा लांब सांगाडा तयार होतो. आम्ही तिघांनी तो चार दिवसांत उभा केला. पुस्तिकेत दाखवावे तसे करीत जायचे. हा तुकडा या भोकात, तो त्या खुंटीवर. शेवटचा तुकडा बसला तेव्हा पिशवीत काही उरले नव्हते आणि सांगाड्यात काही कमी नव्हते. मजा आली, हे कबूल केले पाहिजे. परंतु झोपताना वाटले की, आपण जोडले खरे, पण ठरवले काहीच नाही.

तेव्हा मनात आले की, आपल्या डोंगरगावच्या प्राण्याचा सांगाडा ठोकळ्यांत उभा करावा. त्याची पुस्तिका कोणी छापलेली नाही, हेच बरे.

नातेवाइकांच्या, शेजाऱ्यांच्या आणि दोन प्राध्यापकांच्याही माळ्यांवरून मोठी झालेल्या मुलांचे जुने ठोकळे आम्ही गोळा केले. मोजदाद केली तेव्हा ते सहा हजारांवर भरले. त्यांत अस्सल होते, नकली होते, चघळलेलेही होते. अस्सल कोणते ते बोटांना लगेच कळते. डेन्मार्कमधल्या बिलुंड गावच्या या कंपनीने आपल्या ठोकळ्याच्या जोडणीचे पेटंट २८ जानेवारी १९५८ रोजी मागितले, आणि त्या वर्षीचा ठोकळा आजच्या ठोकळ्यावर अजूनही बसतो. आठ खुंट्यांचे सहा सारखे ठोकळे घेतले तर ते एकमेकांवर एक्याण्णव कोटींहून अधिक प्रकारे बसवता येतात, असे गणित झालेले आहे. इतक्या शक्यतांतून आपल्याला हवे ते एकच हाड काढायचे, हा पोरखेळ आहे की नाही हे ज्याने करून पाहिले त्यालाच विचारावे.

आम्ही पाचास एक हे प्रमाण धरले. म्हणजे ते १४८ सेंटिमीटरचे हाड साधारण ३० सेंटिमीटरचे झाले. ठोकळ्याची उंची ९.६ मिलिमीटर; तेव्हा एका हाडाला ३१ थर. पाय सोपे गेले, कारण ठोकळा वरून दाबला की घट्ट बसतो आणि भार सहज पेलतो. परंतु मान आणि शेपटी अधांतरी राहायच्या. तिथे ठोकळे आपल्याच वजनाने एकमेकांपासून सुटू लागले. मान तीनदा कोसळली. अखेर गटातल्या एका मित्राचे वडील, जे स्वतः गवंडी आहेत, संध्याकाळी कामावरून परतताना आले. दोन मिनिटे पाहून म्हणाले, "अरे पोरांनो, सांध्यावर सांधा आणून ठेवलाय तुम्ही. भिंत तिथंच फाटते." त्यांनी दाखवल्याप्रमाणे प्रत्येक थराचा जोड खालच्या ठोकळ्याच्या मध्यावर आणला आणि आतून एक बारीक सळई घातली. मान उभी राहिली. नेथन सवाया नावाच्या अमेरिकन कलावंताने ८०,०२० ठोकळ्यांचा वीस फुटी टिरॅनोसॉरस उभा केला आहे. तो ठोकळे डिंकाने चिकटवतो. आम्हाला ते परवडणारे नव्हते, कारण निम्मे ठोकळे परत करायचे होते!

इथपर्यंत सारे हौसेचे होते. खरा प्रश्न पुढे आला. डोंगरगावला मणके मिळाले, बरगड्या मिळाल्या, कटिभाग मिळाला, खांदा आणि पुढचा पाय मिळाला. मागचे पाय मिळाले नाहीत. आणि डोके मिळाले नाही.

आता मागच्या पायांवाचून सांगाडा उभा कसा करायचा? यावर आमच्यात आठवडाभर वाद झाला. अखेर गटातल्या एका मैत्रिणीने, जी प्राचीन इतिहासाची विद्यार्थिनी आहे, तोडगा सुचवला. ती म्हणाली, "जे सापडलंय ते पांढऱ्या ठोकळ्यांत करू. जे आपण अंदाजाने लावतोय ते करड्या ठोकळ्यांत. बघणाऱ्याला न विचारता कळेल." तिने आणखी एक गोष्ट सांगितली. शिलालेख वाचणारे पंडित झिजलेली, उडालेली अक्षरे अंदाजाने भरतात, पण चौकटी कंसात. कंसाबाहेरचे दगडाचे, कंसातले पंडिताचे. जुन्या पोथ्यांचे संपादक खाली पाठभेद देतात, तेही त्याचसाठी. अनेक संग्रहालयांतही प्लॅस्टरची हाडे मूळ हाडांहून वेगळ्या छटेत ठेवतात.

बी. ए.च्या पोरांचा डायनासोरशी संबंध काय, या प्रश्नाचे उत्तर माझ्या मते हेच आहे. तुटलेल्या गोष्टींवरून अखंड गोष्टीचा अंदाज करणे आणि तो करताना आपले कोणते आणि सापडलेले कोणते याचा हिशेब ठेवणे, हा तर आपल्याच शाखेचा धंदा आहे. दगड असो, पोथी असो की हाड असो.

मागचे पाय करड्या ठोकळ्यांत झाले. डोक्याविषयी मात्र एकमत झाले नाही. मैत्रिणीचे म्हणणे, 'ठेवूच नये. मानेच्या टोकाशी जागा मोकळी सोडावी.' माझे म्हणणे, 'बिनडोक प्राणी पाहायला कोण येईल?' माझ्या बाजूने युक्तिवादही होता, आणि तो अगदीच टाकाऊ नव्हता. याच कुळातल्या रापेटोसॉरस नावाच्या मादागास्करच्या प्राण्याची कवटी सापडलेली असून तिचे वर्णन २००१ साली प्रसिद्ध झालेले आहे. भारत आणि मादागास्कर हे भूभाग एकेकाळी जोडलेले होते. तेव्हा भाऊबंदांच्या तोंडवळ्यावरून आपल्या माणसाचा तोंडवळा कल्पावा, यात गैर काय? ती म्हणाली, "गैर काहीच नाही. फक्त करडं कर."

आता आरोपाचे कलम येते. प्रदर्शनाच्या आदल्या रात्री वर्गात मी एकटाच उरलो होतो. करडे ठोकळे मागच्या पायांत संपले होते. पांढरे मूठभर शिल्लक होते. मी कवटी केली, पांढरी केली, आणि मानेवर बसवली. सकाळी सर्वांनी ती पाहिली. मैत्रीण काही बोलली नाही. उद्घाटनाला पाहुणे दारात होते. दुपारपर्यंत छायाचित्रांसाठी रांग लागली होती आणि मी खुशीत होतो.

दुपारनंतर जवळच्या एका गावातील शाळेचे भूगोलाचे गुरुजी वीसेक मुलांना घेऊन आले. सांगाड्याभोवती दोनदा फिरले. मग चष्मा वर करून मला म्हणाले, "काय हो, डोकं सापडलं म्हणायचं मग? आम्ही तर ऐकलं होतं की सापडलंच नाही."

मित्रहो, 'नाही सापडलं, हे आमच्या अंदाजाचं आहे,' एवढे म्हणायला कितीसा वेळ लागतो? पण भोवती माणसे होती, प्राचार्य दोन पावलांवर होते, आणि मी म्हणालो, "हो सर, नंतर सापडलं."

गुरुजींचा चेहरा फुलला. ते मुलांकडे वळून म्हणाले, "लिहून घ्या रे. डोकंही सापडलं." वीस वह्या उघडल्या आणि वीस हात लिहू लागले.

मी आजवर पुष्कळ थापा मारल्या आहेत. हजेरीसाठी, फीसाठी, घरी उशिरा पोचल्यावर. परंतु आपली थाप दुसऱ्याच्या वहीत सुवाच्य अक्षरात उतरताना मी प्रथमच पाहिली. त्या रात्री डोके उतरवून मी ते पिशवीत टाकले. दोन दिवसांनी मैत्रीण आणि मी एस. टी.ने त्या शाळेत गेलो. वर्गासमोर पिशवीतून डोके काढून मी खरा प्रकार सांगितला. मुले हसली. गुरुजी हसले नाहीत. ते एवढेच म्हणाले, "पेनानं लिहिलंय त्यांनी." मग त्यांनी मुलांना वह्या काढायला लावून त्या वाक्याखाली दुरुस्ती लिहवली. चार मुले त्या दिवशी गैरहजर होती. त्यांच्या वह्यांत आयसिसॉरसचे डोके बहुधा अजून सापडलेलेच असेल.

असो. माझ्या चुकीला इतिहासात मोठमोठ्यांची सोबत आहे, म्हणून तिचे समर्थन होत नाही. परंतु ती सोबत शिकवण्यासारखी आहे. १८५४ साली लंडनच्या क्रिस्टल पॅलेस उद्यानात वॉटरहाऊस हॉकिन्स या शिल्पकाराने प्राचीन प्राण्यांचे पूर्णाकृती पुतळे उभारले. ते खऱ्याखुऱ्या विटांचे होते. एका इग्वानोडॉनसाठी ६०० विटा, ९०० साधी कौले आणि ३८ पिंपे सिमेंट लागल्याचा हिशेब त्याने स्वतः दिला आहे. या प्राण्याच्या नाकावर शिंग दाखवलेले आहे. पुढे १८७८ साली बेल्जियममधील बेर्निसार्टच्या कोळशाच्या खाणीत त्याचे अखंड सांगाडे निघाले, तेव्हा ते शिंग नसून अंगठ्याचे टोकदार हाड असल्याचे ठरले. हॉकिन्सने खोटेपणा केला नव्हता. त्याच्या काळच्या ज्ञानाप्रमाणे त्याने केले. पण वीट काही बोलत नाही. कोणता भाग सापडलेला आणि कोणता मानलेला, हे पुतळ्यात कुठेच वेगळे दिसत नव्हते.

याच्या उलट उदाहरण पिट्सबर्गच्या कार्नेगी संग्रहालयाचे. तेथे १९१५ साली अ‍ॅपॅटोसॉरसचा सांगाडा उभारला. न्यूयॉर्कच्या संग्रहालयाने अशाच प्राण्याला १९०५ सालीच दुसऱ्या जातीच्या धर्तीवरचे आखूड डोके बसवून टाकले होते. पिट्सबर्गचे संचालक विल्यम हॉलंड यांना ते पटत नव्हते. त्यांच्या मते सांगाड्याजवळ सापडलेली लांबट कवटीच खरी होती. परंतु ती मानेला जोडलेली सापडली नव्हती, आणि जाणकारांचे मत विरुद्ध होते. त्यांनी सांगाडा बिनडोक्याचा ठेवला. १९३२ साली ते वारले तोवर तो तसाच होता. त्यांच्या मागे त्यालाही आखूड डोके बसवण्यात आले आणि कित्येक वर्षे सारे जग तेच चित्र पाहत राहिले. १९७९ साली ते डोके उतरवून लांबट डोके बसवले गेले. हॉलंड यांचेच म्हणणे खरे ठरले. मला या गोष्टीत त्यांचे म्हणणे खरे ठरले याचे तितके अप्रूप वाटत नाही. खात्री नसताना त्यांनी जागा मोकळी ठेवली, सतरा वर्षे लोकांच्या 'डोके कुठे आहे?' या प्रश्नाला तोंड दिले, याचे वाटते. माझ्याच्याने ते सतरा तासही झाले नाही.

आता कोणी म्हणेल, 'प्लॅस्टिकच्या एका मुंडक्यावरून एवढे पाल्हाळ कशाला?' तर मुंडके निमित्त आहे. आपण आपल्या उत्तरपत्रिका आठवून पाहाव्यात. गाइडमध्ये सात कारणे दिलेली असतात. आपण सातही पांढऱ्या ठोकळ्यांत बसवतो. त्यांतली कोणती कागदपत्रांत सापडलेली, कोणती कोणा इतिहासकाराचा अंदाज, आणि कोणती गाइड लिहिणाऱ्याने पान भरण्यासाठी घातलेली, हे आपण विचारीत नाही; परीक्षकही विचारीत नाहीत. मराठीतला आद्य शिलालेख श्रवणबेळगोळचा, असे एका ओळीत लिहून आपण मोकळे होतो. अक्षीच्या शिलालेखाचा दावा पुढे आल्यापासून अभ्यासकांत यावर केवढा वाद झाला, हे सांगायला एका मार्कात जागा नसते. कविवर्यांच्या चरित्रात जिथे पुरावा तुटतो तिथे 'बालपणापासूनच त्यांना काव्याची ओढ होती' असे एक डोके आपण हमखास लावतो. संचातल्या पुस्तिकेप्रमाणे जोडायची सवय लागली की, पिशवीत काही उरू नये आणि सांगाड्यात काही कमी दिसू नये, हीच विद्वत्ता वाटू लागते.

माझे म्हणणे अंदाज करूच नये असे नाही. तसे म्हटले तर आमचा प्राणी मागच्या पायांवाचून टेबलावर आडवाच पडला असता. अंदाज केलाच पाहिजे. त्याशिवाय कोणतीही विद्या उभी राहत नाही. फक्त तो करड्या ठोकळ्यांत करावा. आणि करडे संपले असतील तर दुकान उघडेपर्यंत थांबावे, नाहीतर जागा मोकळी ठेवावी. बिनडोक दिसण्याची भीती वाटते खरी. पण प्रदर्शनाच्या उरलेल्या दोन दिवसांत आमचा प्राणी बिनडोकच उभा होता, आणि तेव्हा लोकांनी जितके प्रश्न विचारले तितके पहिल्या दिवशी कोणीही विचारले नव्हते. 'डोके कुठे आहे?' या प्रश्नातून 'मग बाकीचे कुठे मिळाले?' हा प्रश्न निघत होता, आणि त्यातून डोंगरगाव निघत होते. पहिल्या दिवशी लोकांनी छायाचित्रे काढली आणि निघून गेले.

राहिला मार्कांचा प्रश्न. याचे मार्क नाहीत, हे काकांना मी नम्रपणे सांगू इच्छितो.

ठोकळे आता ज्याचे त्याला परत गेले आहेत. दंडाचे ३१ थरांचे हाड तेवढे आठवण म्हणून ग्रंथालयाच्या कपाटात ठेवले आहे. पांढरी कवटीही त्याच्या शेजारी ठेवायची होती. मैत्रिणीने ती मोडली, आणि त्याच ठोकळ्यांनी हाडातल्या दोन पडलेल्या जागा भरल्या. ते हाड मात्र खरोखर सापडलेले आहे, तेव्हा तिथे पांढरा रंग चालतो.

पुढच्या वर्षीच्या विद्यार्थ्यांनी हा प्राणी पुन्हा उभारावा अशी माझी इच्छा आहे. आपल्या जिल्ह्यात आणखीही पुष्कळ काही जमिनीखाली असेल. ठोकळे मागायला प्रथम प्राध्यापकांच्या घरी जावे; त्यांच्या माळ्यांवर माल चांगला असतो. आणि करडे ठोकळे आम्ही जमवले त्याच्या दुप्पट जमवावेत.